चुळीचं पाणी: पाडव्यापासून मिरगापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली. निंबाची कोवळी पानं, गूळ, जिरं आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ असं सगळ्यांच्या हातावर ठेवलं. बाबांनी पानं चावली आणि अंगणात थुंकले. हिरव्यासोबत लाल दिसलं. "कवापासून हाय हे?" असं आईनं विचारलं, तर म्हणे, "हाय तं हाय. ब्रश केला की येते."

दुपारी जेवण झाल्यावर बसल्याबसल्या विषय वाढला. वहिनीला उपवासाच्या दिवशी तोंडाचा वास येतो. आजीचे सहाच दात उरलेत, त्यांच्या मुळाशी ठणकतं. काकाजींना खर्र्याचा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा, वास लपवायला काहीतरी पाहिजे असतं, कारण काकू घरात घेत नाही. बाजारातली माउथवॉशची बाटली शंभर-दीडशेच्या घरात जाते आणि ही एवढी माणसं असली तर आठ दिवसही पुरत नाही. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, त्याचा घरी आजवर झालेला उपयोग म्हणजे खताच्या पिशवीवरचं वाचून दाखवणं. म्हटलं, चुळीचं पाणी आपणच करून पाहू. वही काढली.

ठरवलेलं एवढंच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जे चुकलं तेही लिहायचं. विकायचं नाही. आणि पुतण्याला द्यायचं नाही, तो पाच वर्षांचा आहे. सहाच्या आतल्या पोरांना थुंकता येतं असं आपल्याला वाटतं, पण अर्धं पोटात जातं.

एक शब्दाचा घोळ आधीच मिटवते. मान वर करून घशात खुळखुळवतो ती गुळणी. गालात फिरवून टाकतो ती चूळ. मला चुळीचं पाणी करायचं आहे. घरात मात्र सगळे त्याला 'गुळणीची दवाई' म्हणायला लागलेत, तो हट्ट मी सोडला.

२ एप्रिल

सुरुवात मिठापासून. मीठ-पाणी सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे मोजून कोणी करत नाही. आई मूठभर टाकते, काकाजी चिमूटभर.

घरातले चमचे पाहिले तर चार चमचे चार मापांचे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण सापडलं, त्यावर ५ आणि १० मि.लि.च्या खुणा आहेत. त्यानं पाणी मोजून स्टीलच्या एका गिलासावर खिळ्यानं २५० ची रेघ मारली. चमचाही त्याच झाकणानं पाच मि.लि.चा ठरवला. सपाट चमचाभर मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं. अर्धा चमचा २५० मि.लि. कोमट पाण्यात टाकला तर सव्वा टक्क्याच्या आसपास होतं. सलाईनच्या बाटलीत ०.९ टक्के असतं, म्हणजे आपण त्याच्या थोडंच वर. हे तोंडाला झोंबत नाही. आईच्या मुठीचं झोंबायचं, आणि तिचा समज असा की झोंबलं म्हणजे लागू पडलं.

पाणी कुठलं वापरायचं, हा आमच्याकडे साधा प्रश्न नाही. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढे. आम्हाला यवतमाळइतकंच आदिलाबादही जवळ. या पट्ट्यात जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या शाळेमागच्या हापशीला लाल रंग मारून ठेवलेला आहे, तरी गुरांना आणि भांड्यांना तेच पाणी. माझ्या वयाच्या अर्ध्या पोरापोरींच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, मलाही आहेत. लहानपणी हिरड्यांच्या आत दात घडत असतानाच ते डाग बसतात. शेजारच्या काकूंनी आजच विचारलं, "याच्यानं डाग जातीन का?" नाही जाणार. मी केलेल्या पाण्यानंही नाही आणि दुकानातल्यानंही नाही.

पाणी उकळलं की फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तिथंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. चूळ थुंकायचीच असली तरी काढे कॅनच्या पाण्यात करायचे, असं ठरवलं.

६ एप्रिल

आजचा दिवस बाभळीचा, आणि फजितीचा.

आजी म्हणाली हिरड्यांना बाभळीची साल. कोणती बाभूळ, यावर तिनं पाऊण तास घेतला. नाल्याकाठची ती वेडी बाभूळ, ती नाही. बांधावरची, शेळ्या जिच्या शेंगा खातात ती, तिच्यातही रामकाठी असली तर उत्तम. साल खोडाची सोलायची नाही, झाडाला गोल फिरून तर अजिबात नाही, झाड मरते. कुंपणासाठी फांद्या तोडल्या होत्या, त्यांचीच आतली तांबूस साल काढली.

२० ग्रॅम साल (सोनाराच्या छोट्या काट्यावर, भाऊ मिरची मोजायला आणतो तो), ५०० मि.लि. पाणी, आणि हाताशी होती म्हणून लोखंडी कढई. दहा मिनिटांत पाणी जांभळट झालं, वीस मिनिटांत काळं. काळं म्हणजे शाई. खरोखर शाई. बोट बुडवलं तर नखाच्या कडा दिवसभर तशाच.

आजी चुलीपाशी येऊन पाहून गेली आणि हसत सुटली. "लोखंडात कायले टाकली वं? काळी नाई होनार तं काय होईन?"

आणि हे मी कॉलेजात शिकलेय! सालीत टॅनिन असतं, लोखंडाशी त्याची गाठ पडली की निळं-काळं संयुग होतं. जुन्या काळी लिहायची शाई अशाच तुरट फळा-सालींत हिराकस घालून करत. परीक्षेत मी हे समीकरणासकट लिहिलं होतं. आजीला समीकरण येत नाही, पण ती लोखंडात बाभूळ टाकत नाही.

ती शाई फेकली नाही. पुतण्यानं कोंबडीच्या पिसानं तिच्यात बुडवून भिंतीवर स्वतःचं नाव लिहिलं. ते अजून आहे, आणि आईचा राग पण.

७ एप्रिल

तीच साल, पण स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात. ५०० चं २५० होईपर्यंत मंद आचेवर. चहासारखा तांबडा काढा आला. दोनदा गाळला, एकदा चाळणीनं आणि एकदा जुन्या धोतराच्या फडक्यानं, कारण बारीक धागे दातात अडकतात.

चूळ भरली की गाल आतून आकसल्यासारखे होतात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधतं, त्यामुळे तोंडातला बुळबुळीतपणा जातो आणि खरखरीत लागतं. कच्चं जांब खाल्ल्यावर लागतं तसं. हिरड्यांवर हाच परिणाम हवा आहे. बाबांना सकाळ-संध्याकाळ झाकणानं मोजून २० मि.लि., अर्धा मिनिट. आजपासून.

११ एप्रिल

लवंग. आधी सोपा मार्ग घेतला, मेडिकलमधून लवंगेच्या तेलाची बाटली आणली. २५० मि.लि. पाण्यात आठ थेंब टाकून खूप हलवलं. दूधट झालं, वासही छान. बाटली ओट्यावर ठेवली.

दिवसभर एकेक करून सगळ्यांनी चूळ भरली, सगळ्यांना आवडली. रात्री तळातलं उरलेलं मी तोंडात घेतलं. पहिल्या क्षणी काही नाही. मग जिभेच्या टोकाला निखारा ठेवल्यासारखं झालं. थुंकलं, पाच-सहा वेळा साधं पाणी घेतलं, मग थंड दूध. सकाळी जिभेच्या टोकावर पांढरा ठिपका होता आणि दोन दिवस चहाची चव नव्हती.

कारण नंतर सुचलं. तेल म्हटलं की ते वर तरंगणार असं आपण धरून चालतो. लवंगेचं तेल पाण्याहून जड आहे, ते खाली बसतं. दिवसभर सगळ्यांनी वरचं वरचं घेतलं आणि तळातला सगळा माल माझ्या वाट्याला आला. या तेलात बहुतांश युजेनॉल असतं. दात बधिर करतं तेही तेच, आणि न पातळ केलेलं असेल तर कातडी भाजतं तेही तेच. बाजारातल्या बाटल्यांमध्ये तेल पाण्यात मिसळून राहावं म्हणून अल्कोहोल किंवा दुसरं काही घातलेलं असतं. माझ्याकडे ते नाही. तेव्हा या प्रकल्पातून सगळी तेलं बाद. पुदिन्याचं, निलगिरीचं, सगळीच.

त्याऐवजी १० लवंगा ठेचून २५० मि.लि. पाण्यात पाच मिनिटं उकळल्या, झाकण ठेवून, नाहीतर जे पाहिजे तेच वाफेसोबत जातं. सौम्य आहे, पण काम करतं. आजीचं ठणकणं अर्धा-पाऊण तास थांबतं.

१४ एप्रिल

गावात सकाळपासून जयंतीची तयारी, निळे झेंडे, दुपारी मिरवणूक. मी संध्याकाळी ओव्याकडे वळले.

दुकानातल्या बाटलीच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, त्यात थायमॉल दिसलं, जंतू मारणारा घटक. लिस्टरिन हे बाजारातलं चुळीचं पाणी १८७९ मध्ये अमेरिकेत तयार झालं, जोसेफ लॉरेन्स नावाच्या डॉक्टरानं बनवलं आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला लावणाऱ्या जोसेफ लिस्टरचं नाव त्याला दिलं. थायमॉल, मेन्थॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट, असे त्याचे चार खांब. थायमॉल त्यात ०.०६४ टक्के. ओव्याच्या तेलाचा मोठा भाग थायमॉलच असतो. बाजारात ओव्याचं फूल म्हणून मिळतं तेही थायमॉलच. आजीच्या ट्रंकेत अमृतधारेची कुपी आहे: ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर, तीन कोरडे पांढरे खडे एकत्र ठेवले की आपोआप पाणी होतात. लहानपणी मला ती जादू वाटायची. कुपीला हात लावला नाही. कापूर पोटात जाणं चांगलं नाही, लहान पोरांना तर धोक्याचंच.

चमचाभर ओवा भाजून, ठेचून, गिलासभर पाण्यात उकळला. वास सुंदर. भाजायला नको होता हे नंतर लक्षात आलं, वास हवेत गेला म्हणजे तोंडासाठी तेवढा कमी उरला. दुसऱ्यांदा न भाजता केला, जास्त तिखट उतरला.

वहिनीला हा आवडला, पण तिचं कोडं ओव्यानं सुटलं नाही. उपवासाला तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते आणि जिभेच्या मागच्या भागावर पांढरा थर साचतो. वास तिथून येतो. तिला तांब्याची जिभली आणून दिली आणि दर तासाला घोटभर पाणी प्यायला सांगितलं. पुढच्या गुरुवारी म्हणाली, "चूळ नाई भरली तरी चालते आता." प्रकल्पाचं एक गिऱ्हाईक कमी झालं.

२२ एप्रिल

पारा ४३ च्या वर आहे. चार दिवसांचा बाभळीचा काढा एकदमच करून बाटलीत भरला होता. कालपरवा दिवसातून तीनदा लाईन गेली, म्हणून फ्रिज सतत उघडायला नको असं म्हणत आईनं बाटली खिडकीत ठेवली. आज झाकण फिरवलं तर फुस्स आवाज आला. वर तवंग, तळाला गाळ, हलवलं तर तार धरल्यासारखं. तोंडातले जंतू कमी करायला निघालो आणि बाटलीतच त्यांची जत्रा भरवली.

काढा म्हणजे झाडाचा रस आणि पाणी, त्यात टिकवणारं काही नाही. चांगला उकळला तरी थंड होताना, गाळताना, झाकण उघडताना जंतू जातातच. इथल्या उन्हात बाहेर ठेवला तर त्याच दिवशी संपवायचा. फ्रिजमध्ये तीन दिवस, तेही लाईन असली तर. बाटली काचेची, उकळत्या पाण्यातून काढलेली. आणि तोंड लावून प्यायच्या बाटलीसारखं तोंड लावून चूळ घ्यायची नाही. हे लिहावं लागतंय कारण भाऊ तेच करत होता.

मग डोक्यात आलं, पाणी साठवायचंच कशाला? कोरडं साठवू.

२४ एप्रिल

पुडी क्रमांक एक: मीठ आणि खायचा सोडा, सारख्या मापानं, कोरड्या बरणीत. लिटरभर पाण्याला एक चमचा मीठ आणि एक चमचा सोडा, म्हणजे २५० च्या गिलासाला या मिश्रणाचा अर्धा चमचा. चव बेचव, पण झोंबत नाही. सोड्यानं तोंडातला आंबटपणा मोडतो.

पुडी क्रमांक दोन: सावलीत वाळवलेली बाभळीची साल आणि ओवा, जाडसर कुटून. ५ ग्रॅम साल, पाव चमचा ओवा, कागदाच्या पुडीत. संध्याकाळी एक पुडी सव्वाशे मि.लि. पाण्यात उकळून निम्मं करायचं, गाळायचं, त्याच दिवशी संपवायचं. साल ओलसर राहिली तर बुरशी येते. पहिल्या घाण्यातल्या तीन पुड्या याच कारणानं उकिरड्यावर गेल्या.

लवंगेची तिसरी पुडी आजीसाठी. काकाजींनी तीच मागितली. दिली.

२७ एप्रिल

गावभर खबर गेली आहे, आणि प्रत्येकाकडे एक नुस्खा आहे. एका आजोबांनी तुरटी सुचवली. न्हाव्याकडे असते ती, कापलं की रक्त थांबवते, म्हणजे हिरड्याचंही थांबवेल. तर्क बरोबर आहे. कॉलेजातून उरलेल्या, आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या होत्या (आकडा जितका खाली तितकं आंबट), तुरटीच्या पाण्यात एक बुडवली. ४ च्याही खाली उतरली. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. एखाद्या वेळी ठीक, रोजची चूळ म्हणून नाही. लिंबाचं पाणी तर त्याहून आंबट. "लिंबानं दात पांढरे होतात" म्हणणाऱ्या मावशींना मी लिंबू फरशीवर पिळून दाखवलं. शहाबादी फरशीवर जो डाग पडला, तो आता आईच्या तक्रारींच्या यादीत भिंतीवरच्या नावाखाली आहे.

तुरटीवरून आठवलं. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड कमी करायची एक पद्धत बसवली, तिला नालगोंडा पद्धत म्हणतात. तेलंगणातल्या नालगोंड्यालाही आमच्यासारखंच पाणी. तुरटीचा आमच्या दातांशी खरा संबंध असेल तर तो तिथे.

४ मे

पाच आठवडे झाले. आढावा.

बाबा: रक्त कमी, पण थांबलं नाही. आजी: समाधानी. काकाजी: फार खूश. म्हणाले, "पोरी, तुया दवाईनं काम केलं. पयले तिखट खाल्लं की गालात आग व्हायची, आता नाई होत. अजून दहा पुड्या दे."

लवंग, काकाजी: यशस्वी.

९ मे

आतेबहिणीच्या नणंदेचं लग्न, पाटणबोरीकडे. पंगतीत काकाजी माझ्या समोर बसले होते. ताटात गुलाबजाम वाढले. सगळ्यांनी अख्खे तोंडात टाकले. काकाजींनी चमच्यानं चार तुकडे केले आणि एकेक दातांच्या फटीतून आत सरकवला. वरणभातही चमच्याच्या टोकानं. मी पाहत राहिले. मग आठवलं की उन्हाळ्यात सगळे आंबे चोखून खातात तेव्हा ते मागच्या वर्षीपासून फोडी करून घेतात. आम्ही त्याला शहरी थाट म्हणून हसलो होतो.

मांडवामागे नेऊन म्हटलं, तोंड उघडा, तुमचीच तीन बोटं उभी घाला. दोन गेली, तिसरं अडलं. टॉर्चनं गाल पाहिला. आतून गुलाबी असायला हवा तिथं फिकट, पांढुरका, संगमरवरासारखा. बोटानं दाबला तर ताठ.

काकाजी दिवसाला सहा-सात खर्रे खातात. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घोटलेला, गालात दाबून ठेवलेला. २०१२ ला राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर हातानं घोटून मिळणारा खर्रा इकडे विदर्भात कधी कमी झालेला मी पाहिला नाही. तिखटानं आग होणं ही या दुखण्याची पहिली हाक असते. ती हाक मी लवंगेनं बधिर करून टाकली. महिनाभर. आणि सोबत खर्र्याचा वासही घालवून दिला, म्हणजे काकूचा पहाराही उठला.

४ मे ची 'यशस्वी' ही नोंद खोडली. फाडली नाही, खोडली.

१३ मे

यवतमाळला सरकारी दवाखान्यात. काकाजी येईनात. काकूनं मोटारसायकलची किल्ली लपवली आणि भावानं पेट्रोल भरायला म्हणून गाडीत बसवलं, तेव्हा आले.

डॉक्टरीणबाईंनी पट्टीनं मोजलं: वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर २७ मिलिमीटर. साधारण माणसाचं ४० च्या आसपास असतं. नाव सबम्यूकस फायब्रोसिस. गालाच्या कातडीखाली घट्ट तंतू साचत जातात आणि गाल ताणायचा राहत नाही. मुख्य कारण सुपारी. लोक तंबाखूला घाबरतात आणि 'नुसती सुपारी तं हाय' म्हणतात, या दुखण्यापुरतं ते उलटं आहे. गेलेलं पूर्ण परत येत नाही. पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून खालच्या गालावरच्या एका चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतला.

मी लवंगेचं सांगितलं. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की दुखणं दाबणारं काही लावून पेशंट सहा-सहा महिने उशिरा येतात, तुम्ही लवकर आणलं. मला ते लवकर वाटलं नाही.

निघताना बाबांचेही दात दाखवून घेतले. हिरड्यांखाली दगडासारखा कीट साचलेला. तो चुळीनं निघत नाही, खरवडूनच काढावा लागतो. अर्ध्या तासात काढला. जे पाच आठवडे बाभळीनं होत नव्हतं ते तिथं झालं. बाभूळ वाईट नाही, तिला आम्ही भलतंच काम दिलं होतं.

अजून एक त्यांच्याकडून: ब्रश केल्यावर लगेच चूळ नको, पेस्टमधलं दाताला लागलेलं धुऊन जातं. अर्धा तास जाऊ द्यायचा. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला छाला कोणाचाही असो, कशानंही झालेला असो, दाखवायचा. हे दुसरं वाक्य मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पुड्यांच्या बरणीवर चिकटवलं.

१९ मे

तपासणीचा निकाल: कर्करोग नाही. काकूनं देवीला नारळ फोडला. काकाजी म्हणाले, "पाहा, म्या म्हनत होतो ना," आणि खिशात हात घातला. काकूनं तिथंच पुडी काढून चुलीत टाकली. प्लॅस्टिकचा वास घरभर.

२५ मे

घरात रोज भांडण. सहावरून तीनवर आलेत असं ते म्हणतात, पानठेलेवाला पाच म्हणतो.

व्यायाम मात्र करतात. कुल्फीच्या काड्या एकावर एक रचून वरच्या-खालच्या दातांमध्ये धरायच्या, गाल ताणलेला ठेवायचा, काही दिवसांनी एक काडी वाढवायची. काडी दोन मिलिमीटरच्या आसपास. सुरुवात तेरा काड्यांनी. काड्या जमवायचं खातं पुतण्याकडे आहे, त्यामुळे त्याला रोज कुल्फी लागते आणि तो म्हणतो काकाजींच्या दवाईसाठी खातो.

त्यांच्या चुळीसाठी आता फक्त मीठ-सोडा. लवंग नाही, बाभूळ नाही, वासाचं काहीच नाही. काकूची अट आहे की वास आला पाहिजे, म्हणजे कळते. मला ती अट पटली.

८ जून

काल मिरीग लागला. रात्री विजा कडकडल्या, पहाटे सडा पडल्यासारखा पाऊस आला आणि गेला. भाऊ आणि बाबा वावरात. पेरणीला घाई करू नका म्हणून आजी ओरडतेय, पऱ्हाटीचं बियाणं मात्र बांधावर पोचलंय. आता महिनाभर या वहीला कोणी हात लावणार नाही, म्हणून जे चालू आहे ते लिहून ठेवते.

आजी: लवंगेची पुडी, दिवसाआड. दोन दात डॉक्टरांना दाखवायचेत, ती पोळ्यानंतर म्हणते.

बाबा: जुना ब्रश फेकला, मऊ आणला. बाभूळ-ओवा आठवड्यातून दोनदा, तोही त्यांना चव आवडते म्हणून. रक्त नाही.

वहिनी: जिभली.

शिल्लक: बाभळीची साल साधारण पाव किलो, पत्र्याच्या डब्यात, आता पावसाळी हवेत टिकते का पाहायचं. मीठ-सोड्याच्या बरणीत झाकणाखाली तांदळाची पुरचुंडी ठेवली, ओल ओढायला.

काकाजी: आज सकाळी पडवीत बसून चौदावी काडी घातली. डोळ्यांतून पाणी आलं, पण धरली. काड्या तोंडात असल्यामुळे बोलता येत नव्हतं, तेव्हा हाताच्या बोटांनी दाखवलं, आधी दहा, मग चार. पुतण्या शेजारी बसून मोजत होता आणि बाराच्या पुढे त्याचं चुकत होतं, तरी त्यानं टाळ्या वाजवल्या.